कच्चे लिंबू

मराठी मुलांच्या खेळात 'कच्चे लिंबू' हा एक मोठा मार्मिक शब्द आहे. अंगणात लगोरी किंवा डबा ऐसपैस रंगात आला, की घरातले धाकटे भावंड हट्ट धरते, "मलाही घ्या." त्याला नाही म्हणवत नाही आणि घेतले तर डाव बिघडण्याची भीती. मग मोठी मुले तोडगा काढतात, "ये, पण तू कच्चे लिंबू." त्याने सगळ्यांबरोबर पळावे, लपावे, ओरडावे, पण ते सापडले तरी बाद नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येणार नाही.

या तोडग्यात माया आहे, यात शंका नाही. परंतु त्या मायेच्या पोटात एक बारीकसा सल असतो आणि तो ज्याचा त्यालाच कळतो. ज्याचे बाद होणे धरले जात नाही, त्याचे जिंकणेही धरले जात नाही. तो खेळात असतो, पण खेळाच्या हिशेबात नसतो. अशी कच्ची लिंबे केवळ अंगणातच असतात असे नाही. घरात राबूनही ज्यांना कोणी मत विचारीत नाही, वर्गात बसूनही ज्यांच्याकडे प्रश्न जात नाही, गावात राहूनही ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नसते, ती माणसे तरी दुसरी कोण असतात?

हिशेबात धरले जाणे म्हणजे काय, याचा विचार मी पुष्कळ वर्षे पुस्तकांच्या आधाराने करीत आले. त्याचे एक साधे, उघड्यावरचे उदाहरण मात्र मला परदेशातील मुलांच्या मैदानावर पाहायला मिळाले.

२०२३ सालच्या मार्चमध्ये मी माझ्या पुतणीकडे अमेरिकेत गेले आणि जून संपेपर्यंत राहिले. न्यू जर्सी राज्यातील एका लहान गावात तिचे बिऱ्हाड आहे. तिचा मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची. मुलगा बेसबॉल खेळतो, मुलगी सॉफ्टबॉल. दोघेही गावातील 'लिटल लीग'मध्ये. घरात पाऊल टाकताच माझ्या नजरेस पडला तो फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला एक कागद. त्यावर आठवड्याचे सातही वार आखलेले होते. मंगळवारी संध्याकाळी मुलाचा सामना, बुधवारी मुलीचा सराव, शनिवारी सकाळी मुलीचा सामना आणि रविवारी सकाळी मराठी शाळा. इथवर नवल वाटण्याजोगे काही नव्हते. परंतु प्रत्येक ओळीच्या शेवटी घरातल्या मोठ्या माणसांचीही नावे होती. मुलांना कोण पोचवणार, गुणपत्रक कोण लिहिणार, खाऊच्या टपरीवर कोण उभे राहणार, मैदानावर फक्की कोण मारणार, हे सारे ठरलेले. खेळणार मुले होती. पण वेळापत्रक साऱ्या घराचे होते.

आपल्याकडे मुलांच्या खेळाशी घराचा संबंध बहुधा "पुरे झाला आता खेळ" एवढ्या एका वाक्यापुरता असतो. येथे घरच खेळात उतरलेले पाहून मला कुतूहल वाटले. पुतणीला आणि जावयांना मी प्रश्न विचारीत गेले, पुढे स्वतःही मैदानावर जाऊन बसू लागले आणि हळूहळू ती व्यवस्था मला उमगली.

या व्यवस्थेचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी झाला. कार्ल स्टॉट्झ नावाचा एक सामान्य नोकरदार माणूस १९३८ साली नात्यातल्या दोन लहान मुलांबरोबर अंगणात चेंडू खेळत होता. लहान मुलांना मोठ्यांच्या मैदानावर, मोठ्यांच्या साहित्याने खेळावे लागते आणि मोठी मुले आली की बाजूला व्हावे लागते, हे त्याला ठाऊक होते. मुलांसाठी मुलांच्या मापाचे मैदान का असू नये, असा विचार त्याने केला. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट अंतर असते. ते त्याने ६० फुटांवर आणले. संघांना गणवेश आणि साहित्य मिळावे म्हणून तो गावातील व्यापाऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिला. अनेकांनी नकार दिला. अखेर एका दुग्धालयाने होकार दिला आणि मागोमाग आणखी दोन व्यवसाय पुढे आले. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. त्या मोसमात अवघे तीन संघ होते. आज जगातील अनेक देशांत लिटल लीग खेळली जाते. १९४७ पासून तिची जागतिक स्पर्धा दर ऑगस्टमध्ये विल्यम्सपोर्टच्या परिसरात भरते आणि ती पाहण्यास प्रवेशमूल्य नसते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. महाराष्ट्रातील अनेक शाळांत सॉफ्टबॉल खेळला जातो, त्यामुळे काहींना तो परिचित असेल. तिरक्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. मधोमध उभा राहून पिचर चेंडू फेकतो. फलंदाजाने तो टोलवून पहिला, दुसरा, तिसरा असे बेस गाठत पुन्हा मूळ ठिकाणी यावे, म्हणजे एक धाव होते. योग्य टप्प्यातून आलेला चेंडू तीनदा हुकला, की फलंदाज बाद. तिघे बाद झाले, की दुसऱ्या संघाची फलंदाजी. लहान मुलांचा सामना सहा डावांचा असतो. सॉफ्टबॉल हे या खेळाचे धाकटे भावंड. त्यात चेंडू आकाराने मोठा असतो आणि हात खालून झुलवून फेकला जातो. नावात 'सॉफ्ट' असले, तरी तो चेंडू काही मऊ नसतो.

लीगचे वर्ष सुरू होते ते हिवाळ्यात, मैदानावर बर्फ असतानाच. जानेवारी-फेब्रुवारीत नावनोंदणी होते. मुलाचा जन्मदाखला द्यावा लागतो आणि ते त्याच हद्दीत राहते किंवा तेथील शाळेत जाते, याचे पुरावे द्यावे लागतात. नोंदणीचे शुल्क असते. परंतु शुल्क भरण्याची ऐपत नाही म्हणून कोणत्याही मुलाला परत पाठवायचे नाही, असा लिटल लीगचा दंडक आहे. त्यानंतर एके दिवशी सगळ्या मुलांची चाचणी घेतली जाते. ती कोणाला वगळण्यासाठी नसते. तेथील सर्व संघांचे प्रशिक्षक एकत्र बसून पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात, जेणेकरून सारी चांगली मुले एकाच संघात जाऊ नयेत. अगदी लहान मुलांसाठी टी-बॉल असतो. त्यात चेंडू कोणी फेकत नाही; तो एका उभ्या दांडीवर ठेवलेला असतो आणि चार-पाच वर्षांचे मूल तो बॅटने टोलवते. विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी १९८९ पासून 'चॅलेंजर' नावाचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात खेळाडूच्या सोबतीला गरजेप्रमाणे एक मदतनीस सोबती असतो.

हे सारे चालवते कोण? पगारी माणसे जवळजवळ नसतातच. गावच्या लीगचे एक मंडळ असते आणि ते पालकांमधून निवडले जाते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सुरक्षा अधिकारी अशी पदे असतात. एक पद मला विशेष वाटले. खेळाडूंच्या हिताची काळजी वाहणारा एक प्रतिनिधी असतो आणि ज्या गटाची जबाबदारी त्याच्याकडे असते, त्या गटातील कोणत्याही संघाचा तो प्रशिक्षक होऊ शकत नाही. मुलाचे हित आणि संघाचा विजय यांत कधीतरी विरोध येणार, हे येथे आधीच धरून चालले आहे. मुलांच्या नित्य सहवासात येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पूर्वचारित्र्य-तपासणी दरवर्षी होते. कोणी कितीही ओळखीचे असो, तिच्यातून सूट नाही.

मला हे सारे पाहताना आपल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांची आठवण होई. तीच वर्गणी, तीच कामांची वाटणी, तेच रुसवेफुगवे आणि अखेरीस सगळ्यांनी मिळून उचललेला तोच मांडव. मैदानाच्या कुंपणावर गावातील दंतवैद्य, पिझ्झाचे दुकान, नळदुरुस्ती करणारा अशा देणगीदारांचे फलक होते. मुलीच्या संघाच्या सदऱ्यावर एका भारतीय किराणा दुकानाचे नाव होते. तेथे सामना संपला, की दोन्ही संघांना खाऊ देण्याची पाळी एकेका घराकडे येते. पुतणीची पाळी आली तेव्हा तिने रसाच्या डब्यांबरोबर चिवडा केला होता. कोणा मुलाला दाण्याचे वावडे असू शकते म्हणून त्यात शेंगदाणे नव्हते. शेंगदाण्यावाचून चिवडा ही कल्पना मला पटली नाही. परंतु बावीस मुलींनी पातेले रिकामे केले.

जावयांकडे एक निराळेच काम होते. मुलांच्या बेसबॉलमध्ये पिचरने एका दिवसात किती चेंडू फेकावेत, याला मर्यादा आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५, नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ७५. एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू फेकले, तर पुढचे चार दिवस त्याला पिचर म्हणून उभे करता येत नाही. २००७ पासून हा नियम चेंडूंच्या संख्येवर बांधला गेला. वाढत्या वयातल्या कोपराला आणि खांद्याला होणारी इजा टाळणे, हा त्यामागचा हेतू. जावई कुंपणाजवळ खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येक चेंडूला कागदावर एक रेघ मारीत.

एका मंगळवारी त्यांचा मुलगाच पिचर होता. तो सुरेख फेकत होता. समोरचे फलंदाज एकामागून एक परत जात होते. संघ एका धावेने पुढे होता आणि पाचवा डाव चालू होता. जावयांनी हात वर केला, "पंच्याऐंशी." नियमाप्रमाणे समोरच्या फलंदाजाची खेळी पूर्ण करून मुलगा बाहेर आला. मागच्या रांगेतून कोणीतरी निराशेने हुंकारले. त्याच्या जागी आलेल्या मुलाने तीन धावा दिल्या आणि सामना हातचा गेला. घरी येताना मुलाने गाडीत विचारले, "बाबा, तुम्ही एक-दोन कमी नसते का मोजले?" जावई म्हणाले, "मोजता आले असते. मग उद्या दुसऱ्या कोणाच्या बाबांनीही तुझे कमी मोजले असते." मुलगा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. बाप असून त्याने मोजणीत मुलाला सूट दिली नाही, आणि ती मोजणी मुलाच्याच हातासाठी होती, हे त्या वयात कळणे अवघड असते.

जावई त्या दिवसांत आणखी एक मोजणी करीत होते. एप्रिलच्या मध्यावर त्यांची नोकरी गेली होती. ते ज्या परवान्यावर तेथे काम करीत होते, त्याला एच-१बी म्हणतात. हा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी सुटली, की जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्या अवधीत नव्या मालकाने अर्ज दाखल करावा किंवा राहण्याचा दुसरा काही कायदेशीर मार्ग निघावा. नाहीतर देश सोडावा. पुतणीचे तेथील वास्तव्यही त्याच परवान्याच्या आधाराने होते. मुले मात्र तेथे जन्मलेली, म्हणून त्या देशाची नागरिक. एकाच घरात दोघांना हक्क आणि दोघांना मुदत, अशी ती अवघड परिस्थिती होती. फ्रिजवरच्या त्या कागदाच्या कोपऱ्यात पुतणी रोज पेन्सिलीने एक आकडा लिही. तो काय आहे, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

अशा वेळी माणूस चार माणसांत जाणे टाळतो. जावयांनीही एक शनिवार टाळला. त्या संध्याकाळी लीगच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. त्यांना बातमी कळली होती. त्यांनी सांत्वनाचे शब्द फार वापरले नाहीत. मंगळवारी चेंडू मोजायला कोणी नाही, तेव्हा आपण येणार ना, एवढेच विचारले. जावई गेले. नंतर तिघा-चौघांनी त्यांचा अर्ज आपापल्या कार्यालयात पोचवला. एका पालकाने मुलाखतींच्या दिवशी मुलांना सरावाला नेण्या-आणण्याचे काम परस्पर आपल्याकडे घेतले. देशाच्या कागदांत त्या घराचे दिवस भरत आले होते; परंतु जानेवारीत शाळेचे आणि घराचे पुरावे घेऊन लीगने ज्यांना आपल्या हद्दीतले म्हणून नोंदवले होते, ते तिच्या लेखी अजून त्याच हद्दीतले होते. ज्याच्याकडे एखादे काम सोपवलेले असते, तो माणूस परका राहत नाही. सहानुभूतीने जे साधत नाही, ते कधी कधी एक रिकामी खुर्ची आणि एक पेन्सिल यांनी साधते.

या व्यवस्थेची थोरवी सांगताना तिचे काळे पानही उलटले पाहिजे. लिटल लीगमध्ये कितीतरी वर्षे मुलींना स्थान नव्हते. १९५१ साली तशी बंदीच नियमात घातली गेली. १९७२ साली न्यू जर्सीतल्याच होबोकेन गावी मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी मुलांच्या संघातून पिचर म्हणून उतरली. ती तीन सामने खेळली. मग मुख्य संस्थेने गावच्या लीगला बजावले, की तिला खेळवाल तर मान्यता जाईल. मारियाला संघाबाहेर व्हावे लागले. राष्ट्रीय महिला संघटनेने तिची बाजू घेतली. १९७३ साली राज्याच्या नागरी हक्क विभागाने मुलींच्या बाजूने निर्णय दिला, न्यायालयानेही तो उचलून धरला आणि १९७४ साली लिटल लीगची दारे मुलींना खुली झाली. त्याच वर्षी मुलींसाठी सॉफ्टबॉलचा विभागही सुरू झाला. पण या साऱ्यात दोन वर्षे गेली होती. मारिया चौदा वर्षांची झाली होती आणि लीगच्या वयोमर्यादेबाहेर गेली होती. जो दरवाजा तिने उघडला, त्यातून तिला स्वतःला आत जाता आले नाही. २००४ साली जागतिक स्पर्धेत पहिला चेंडू फेकण्याचा मान तिला देण्यात आला. दहा वर्षांनी, २०१४ साली, मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीने त्याच स्पर्धेत मुलांविरुद्ध पिचर म्हणून सामना जिंकून दाखवला.

दोष आजही नाहीत असे नाही. आपल्या मुलाची गणना उत्तम खेळाडूंत व्हावी म्हणून अधीर झालेले पालक मी तेथे पाहिले. पंचाच्या निर्णयावर आवाज चढवणारे पाहिले. ज्यांना परवडते ते मुलांना लीगमधून काढून गावोगाव खेळणाऱ्या खासगी संघांत घालतात. त्याचा खर्च मोठा असतो आणि तेथे निवड कठोर असते. उन्हाळ्यात निवडक मुलांचा संघ बांधला जातो तेव्हा कित्येक घरांत रडारड होते. खुद्द कार्ल स्टॉट्झ १९५०च्या दशकाच्या मध्यावर आपणच लावलेल्या या रोपट्यापासून दूर झाला, कारण ते फार मोठे आणि व्यापारी होत चालले आहे असे त्याला वाटले. मोठ्यांच्या हौसेपासून मुलांचा खेळ वाचवण्याची गरज संस्थापकालाही भासली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

म्हणूनच मला त्या नियमपुस्तकातील एक नियम सर्वांत महत्त्वाचा वाटला. सामन्याला हजर असलेल्या प्रत्येक खेळाडूला ठरावीक काळ क्षेत्ररक्षण मिळाले पाहिजे आणि निदान एकदा तरी फलंदाजी मिळाली पाहिजे. जो प्रशिक्षक हे पाळणार नाही, त्याला प्रथम लेखी ताकीद मिळते आणि पुन्हा घडले तर त्याला सामन्यातून दूर ठेवले जाते. दुबळ्या मुलाला बाकावर बसवून सामना जिंकण्याची सोयच ठेवलेली नाही. आमच्या गावच्या लीगने याही पुढे जाऊन हजर असलेल्या सगळ्या मुलींना क्रमाने फलंदाजी दिली होती.

आमची धाकटी त्या क्रमात बारावी होती. संघात मुलीही बाराच. तिला चेंडूचे भय वाटे. डोक्यावर शिरस्त्राण, हातात बॅट, आणि नजर चेंडूकडे असण्याऐवजी आपल्या पायांकडे. चेंडू येई आणि ती बॅट न हलवता उभी राही. असे तीनदा झाले, की पंच हात उंचावी आणि ती परत येई. गुणपत्रक लिहिणाऱ्या बाईंनी मला त्यांची लिपी समजावून दिली होती. तीन चेंडू हुकून जो बाद होतो, त्याच्या चौकटीत इंग्रजी 'के' हे अक्षर लिहितात. परंतु तिसऱ्या चेंडूला ज्याने बॅट फिरवलीच नाही, त्याच्यासाठी 'के' उलटा लिहितात. एप्रिल आणि निम्मा मे संपेपर्यंत धाकटीच्या ओळीत सगळे 'के' उलटे होते. पण तिची ओळ होती. तिच्या नावापुढची एकही चौकट कोणी कोरी सोडली नव्हती.

मेच्या अखेरच्या शनिवारी सामना अटीतटीचा झाला. शेवटचा डाव, दोघी बाद, एक धाव कमी आणि दोन मुली बेसवर थांबलेल्या. फलंदाजीचा क्रम फिरत फिरत बाराव्या क्रमांकावर आला. दुसऱ्या कोणाला पाठवावे, असे आमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी ते बोलूनही दाखवले. प्रशिक्षकाने तिच्या शिरस्त्राणाचा पट्टा नीट केला आणि तिला पुढे पाठवले. पहिला चेंडू गेला, ती उभी. दुसरा गेला, ती उभी. तिसऱ्या चेंडूला तिने डोळे मिटले की उघडे ठेवले, कोण जाणे. पण बॅट फिरवली. सगळ्या अंगानिशी फिरवली, इतकी की ती स्वतःच भोवती फिरली आणि मातीत बसली. चेंडू मागच्या मुलीच्या हातमोज्यात शिरला होता. सामना संपला होता. संघ हरला होता.

पुतणी जागची उठली आणि पुन्हा बसली. धाकटी अंगाची माती झटकत आली ती आईकडे गेली नाही. ती थेट गुणपत्रक लिहिणाऱ्या बाईंपाशी गेली आणि त्यांच्या खांद्यावरून वहीत वाकून पाहू लागली. बाईंनी तिच्या देखत अक्षर लिहिले. मग ती धावत आमच्याकडे आली. "आत्याआजी, सरळ! सरळ 'के' लिहिला!"

तिच्या बाद होण्याने संघ हरला, हे कोणी तिच्यापासून लपवले नाही. "राहू दे, तू लहान आहेस, तुझे धरायचे नाही," असेही कोणी म्हणाले नाही. मुलींनी रांगेने समोरच्या मुलींच्या हातावर हात मारले, खाऊ घेतला आणि पुढच्या शनिवारची वेळ विचारून घेतली. खेळातल्या इतरांप्रमाणे तीही बाद झाली होती. यात तिचा जो सन्मान होता, तो कोणत्याही कौतुकाने झाला नसता.

जावयांना बावन्नाव्या दिवशी नवी नोकरी मिळाली आणि अर्ज मुदतीत दाखल झाला. पुतणीने फ्रिजवरच्या कागदातील आकडे खोडरबराने पुसले. खाली पुढच्या मंगळवारचा सामना तसाच राहिला.

आपल्यापैकी अनेकांना शाळा मध्येच सोडावी लागलेली असते. कोणाला घरातील धाकट्या भावंडांसाठी, कोणाला शेतासाठी, कोणाला लवकर लग्न झाले म्हणून. पुढे वयाच्या तिशीत-चाळिशीत पुस्तक पुन्हा हाती घेताना आप्तेष्ट मायेने म्हणतात, "आता परीक्षेचे कशाला मनावर घेता? वाचता येते एवढे पुष्कळ झाले." या शब्दांत प्रेम असते, परंतु ते कच्च्या लिंबाला दिलेले प्रेम असते. परीक्षेला बसणारा माणूस उत्तीर्ण होईल किंवा न होईल. पण त्याच्या नावापुढची चौकट कोरी राहत नाही. अनुत्तीर्ण होण्याचाही एक अधिकार असतो आणि तो ज्याला मिळतो, त्यालाच उत्तीर्ण होण्याचा मिळतो.

त्या मैदानावरच्या मुलांना मी अनेकदा विचारी, "तू फलंदाजीला कितवा?" कोणी पहिला सांगे, कोणी पाचवा. शेवटचा असणारा मुलगाही जराही न अडखळता आपला क्रमांक सांगे. तो क्रमांक त्याचा होता आणि त्या क्रमांकावर त्याच्याऐवजी दुसरे कोणी जाणार नव्हते.